ग्रीक ‘एन’ आणि मराठीचे त, ने, ठायी

निवृत्त झाल्यावर बायबलमधल्या नव्या कराराचे ग्रीक शिकायचे, हे मी बरीच वर्षे मनाशी धरून होते. तीस वर्षे शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवल्यामुळे व्याकरणाची भीती नव्हती, आणि लहानपणापासून रविवारच्या उपासनेत ऐकलेली मराठी वचने मुळात कशी लिहिलेली असतील याची ओढ होती. पुण्यातल्या एका छोट्या वर्गात दर शनिवारी आम्ही सातजण जमू लागलो. वर्णमाला, नामांची रूपे, क्रियापदांचे काळ हे सारे पहिल्या काही महिन्यांत अपेक्षेप्रमाणे पार पडले. मी अडले ते एका अगदी लहान शब्दापाशी, आणि पुढचे जवळजवळ वर्ष त्याच्याच सोबत गेले. तो शब्द म्हणजे ‘एन’.

आपली शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून येतात, तर ग्रीकमध्ये हे शब्द नामाच्या आधी उभे राहतात. नव्या करारात असे मुख्य शब्द १७ आहेत. त्यांतले काही संस्कृत जाणणाऱ्याला पाहताक्षणी ओळखीचे वाटतात, कारण ते आपल्या उपसर्गांचे दूरचे भाऊबंद आहेत: ‘पेरि’ म्हणजे आपले परि, ‘प्रो’ म्हणजे प्र, ‘आपो’ म्हणजे अप, ‘हुपेर’ म्हणजे उपरि. या १७ शब्दांत सर्वांत जास्त वेळा येणारा शब्द ‘एन’. नव्या करारात तो सुमारे २,७५० वेळा आला आहे, म्हणजे ग्रीक पानावर नजर टाकली की तो दिसला नाही असे सहसा होत नाही. ‘दिआ’सारखे काही शब्द दोन विभक्त्या घेतात आणि विभक्ती बदलली की त्यांचा अर्थही बदलतो, ‘एन’ मात्र एकच विभक्ती घेतो. त्यामुळे हा शब्द सर्वांत सोपा असणार, असे मी गृहीत धरले होते.

पाठ्यपुस्तकात त्याच्यापुढे अर्थांची यादी होती: आत, मध्ये, वर, जवळ, ने, सह, मुळे, च्या वेळी. मी ती यादी पाठ केली आणि मार्ककृत शुभवर्तमान वाचायला घेतले. पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात येशू मचव्यातून उतरतो आणि थडग्यांमधून एक मनुष्य त्याला भेटायला येतो. हा मनुष्य कसा होता, हे सांगताना मार्क ‘एन’ वापरतो. वर्गात मोठ्याने भाषांतर करण्याची पाळी माझी होती, आणि यादीतला पहिला अर्थ उचलून मी म्हणाले, “अशुद्ध आत्म्याच्या आत असलेला एक मनुष्य.”

सरांनी मला थांबवले नाही. वाक्य पूर्ण होऊ दिले आणि मग शांतपणे विचारले, “बाई, तुमच्या गावी असा मनुष्य समोरून आला, तर तुम्ही घरी जाऊन काय सांगाल?”

“त्याच्या अंगात आलं होतं, असं सांगेन.”

“मग कोण कोणाच्या आत गेलं?”

त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला वेळ लागला. मराठीत भूत, वारे किंवा देवी माणसाच्या अंगात येते. माणूस हे भांडे आणि आत्मा त्यात शिरणारा. ग्रीक वाक्यात माणूसच आत्म्याच्या आत उभा आहे. आत्मा हे त्याच्याभोवतीचे क्षेत्र, ज्याच्या ताब्यातून त्याला बाहेर पडता येत नाही. प्रसंग तोच, पण ‘आत’ कोण आणि ‘बाहेर’ कोण हे दोन भाषांनी उलट मांडले आहे. त्याच अध्यायात पुढे बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री येते, आणि तीही ग्रीकमध्ये ‘रक्ताच्या स्रावात असलेली’ आहे. आपण म्हणतो तिला आजार आहे, तर मार्क म्हणतो ती आजारात आहे. हे दोन प्रसंग शेजारीशेजारी वाचल्यावर, यादी पाठ करण्याने काही साधणार नाही, हे मला कळून चुकले.

सरांनी सांगितलेली पद्धत साधी होती आणि कष्टाची होती. ‘एन’ दिसला की त्याचा अर्थ शोधायचा नाही. त्याच्यानंतरचे नाम कोणते, ते नाम उपपदासह (म्हणजे इंग्रजी ‘द’सारख्या शब्दासह) आहे की उपपदाविना, आणि वाक्यातले क्रियापद कोणते, एवढे तीनच तपशील एका चिठ्ठीवर लिहायचे. मग तेच आपण घरात बोलताना कसे म्हणू, ते खाली लिहायचे. मी पाठकोऱ्या कागदांच्या चिठ्ठ्या कापल्या, उत्तरांप्रमाणे त्या वेगळ्या ठेवायला बिस्किटांचे रिकामे डबे आणले आणि रोज सकाळी तासभर हे काम सुरू केले. आधी मार्क, मग नव्या करारातलेच प्रेषित पौलाचे इफिसकरांस पत्र.

चिठ्ठ्यांची संख्या वाढू लागली तशी शाळेतली विभक्तीची सारणी मला नव्याने दिसू लागली. संस्कृतात करणासाठी तृतीया, संप्रदानासाठी चतुर्थी आणि अधिकरणासाठी सप्तमी अशा तीन वेगळ्या विभक्त्या आहेत. ग्रीक भाषेत या तिन्ही जुन्या विभक्त्या एकीत मिसळून गेल्या, आणि ‘एन’ घेतो ती हीच मिसळलेली विभक्ती. म्हणजे ग्रीक रूप पाहून ते ‘कशाने’ सांगते आहे, ‘कशात’ सांगते आहे की ‘कोणाला’ सांगते आहे, हे कळत नाही. आधाराला ‘एन’ येतो, पण तोही ‘कशात’ आणि ‘कशाने’ या दोन्ही बाजूंना झुकतो. मराठी मात्र ‘ने’ आणि ‘त’ हे दोन प्रत्यय आजही नीट वेगळे ठेवते. ग्रीक लेखकाने न केलेली निवड मराठी भाषांतरकाराला प्रत्येक वेळी करावी लागते, आणि माझ्या डब्यांमध्ये नेमकी तीच निवड साठत होती.

काही चिठ्ठ्यांनी मात्र फार आनंद दिला. मार्कच्या दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी येशू कफर्णहूमास परत येतो आणि तो ‘एन ओइको’ आहे असे लोकांच्या कानी येते. ‘ओइकोस’ म्हणजे घर, आणि इथे त्याला उपपद नाही. मी सवयीने ‘घरात’ लिहिले आणि मग ते खोडून ‘घरी’ लिहिले. ‘तो घरात आहे’ म्हटले की भिंती आणि छप्पर दिसते. ‘तो घरी आहे’ म्हटले की मनुष्य परत आला आहे, आता भेटेल, एवढेच कळते, आणि गावात पसरते ती बातमी ही दुसरी असते. आपल्या सारणीतल्या ‘त, ई, आ’ या सप्तमीच्या तीन प्रत्ययांतला ‘ई’ आज मोजक्याच शब्दांत जिवंत आहे. घरी, दारी, सकाळी, प्रारंभी. योहानाचे शुभवर्तमान ‘एन आर्खे’ या दोन शब्दांनी उघडते, तिथेही मराठीला वेगळे अव्यय लागत नाही. ‘प्रारंभी’ या एका रूपात सारे सामावते. जुन्या करारातल्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतराचा आरंभ याच दोन शब्दांनी होतो, त्यामुळे योहानाच्या पहिल्या वाचकांना दोन्ही आरंभ एकदम ऐकू आले असतील.

घरी या शब्दाच्या चिठ्ठीवर मला आणखी एक टीप लिहावी लागली. त्या ठिकाणी काही हस्तलिखितांत ‘एन’ आहे, तर काहींत ‘एइस’. ‘एइस’चा मूळ अर्थ ‘च्या आत, च्याकडे’ असा गतीचा. मार्कच्या काळातच हे दोन शब्द एकमेकांच्या जागा घेऊ लागले होते. पहिल्या अध्यायाच्या पाचव्या वचनात लोक यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतात तिथे ‘एन’ आहे, आणि चारच वचने पुढे येशू त्याच नदीत बाप्तिस्मा घेतो तिथे ‘एइस’. आजच्या बोलभाषेतल्या ग्रीकमध्ये तर ‘एन’ घेत असे ती विभक्तीच उरलेली नाही, आणि ‘एन’ची जागा ‘एइस’पासून झालेल्या ‘से’ या शब्दाने घेतली आहे. नव्या करारात २,७५० वेळा आलेला शब्द पुढे बोलण्यातून निघून गेला, हे वाचले त्या दिवशी मला खरोखर हळहळ वाटली.

सर्वांत जाड झाला तो ‘ने’चा डबा. लूकच्या बाविसाव्या अध्यायात येशूला धरायला लोक येतात तेव्हा शिष्य विचारतात, आम्ही ‘एन माखायरे’ मारावे काय? माखायरा म्हणजे तलवार. ‘तलवारीत मारावे’ असे कोणी म्हणणार नाही, इथे ‘तलवारीने’च. साधन सांगण्यासाठी ‘एन’ वापरणे हे हिब्रू वळण आहे, असे पूर्वी बरेच अभ्यासक मानत. हिब्रूत ‘बे’ हे एकच अक्षर ‘त’ आणि ‘ने’ या दोन्हींचे काम करते, आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात त्याच्या जागी सर्रास ‘एन’ आला आहे, म्हणून त्यांचा हा तर्क. पुढे इजिप्तमधल्या तेब्तुनिस येथे मगरींच्या ममींमध्ये भरलेले जुने पपायरस (त्या नावाच्या पाणवनस्पतीपासून केलेले लिखित कागद) सापडले आणि १९०२ मध्ये ते छापून आले. त्यांत खेड्यातल्या शेतकऱ्यांच्या तक्रारी होत्या, आणि तलवारी घेऊन अंगावर आलेल्या लोकांचे वर्णन करताना त्या तक्रारअर्जांतही ‘एन’च होता. त्या अर्जांत हिब्रूचा काही मागमूस नव्हता. म्हणजे ही लकब रस्त्यावरच्या ग्रीकला अगदीच परकी नव्हती; हिब्रूच्या सहवासाने ती नव्या करारात अधिक फुलली, एवढेच म्हणता येईल. धर्मग्रंथातल्या एका अव्ययाचा अर्थ शेतकऱ्यांच्या तक्रारअर्जांनी उलगडावा, ही गोष्ट मला आजही फार मोलाची वाटते.

‘त’ आणि ‘ने’ यांच्या सीमेवर मात्र एक चिठ्ठी महिनाभर अडून राहिली. मत्तयाच्या तिसऱ्या अध्यायात बाप्तिस्मा करणारा योहान म्हणतो, मी तुमचा बाप्तिस्मा ‘एन हुदाति’ करतो. पाण्यात, की पाण्याने? हा प्रश्न निव्वळ व्याकरणाचा राहत नाही, कारण पाण्यात बुडवावे की पाणी शिंपडावे यावरून ख्रिस्ती मंडळ्या वेगळ्या झाल्या आहेत, आणि आमच्या वर्गातही दोन्ही परंपरांतले लोक होते. मी समांतर वचने काढली. लूक हेच वाक्य देताना पाण्यासाठी ‘एन’ न लावता नुसती विभक्ती वापरतो, जी स्वाभाविकपणे ‘पाण्याने’ अशी वाचली जाते. पण त्याच वाक्यात पुढे पवित्र आत्म्यासाठी ‘एन’ येतोच. म्हणजे लूकच्या कानाला या दोन रचना शेजारी बसण्याइतक्या जवळच्या होत्या. दुसरीकडे ‘यार्देन नदीत’ यातला ‘एन’ निःसंशय जागा सांगतो. एका बाजूचा निर्णय या एका अव्ययावर उभा करता येणार नाही, हे वर्गातल्या दोन्ही बाजूंच्या लोकांनी मान्य केले, आणि ती चर्चा मोठ्या सौजन्याने झाली.

‘त’ आणि ‘ने’ यांचे हे नाते मला खऱ्या अर्थाने समजले ते जुलैतल्या एका संध्याकाळी. बसथांब्यावरून घरी पोचेपर्यंत मी चिंब झाले होते. दारातच सुनेने विचारले, “पावसात भिजलात?” आणि मी म्हणाले, “हो, पावसानं पार भिजवलं.” बोलून गेल्यावर मी उंबऱ्यातच थबकले. तिचा ‘त’ आणि माझा ‘ने’ एकाच पावसाचे होते. पाऊस माझ्याभोवती होता म्हणूनच त्याने मला भिजवले. उन्हात वाळते ते उन्हाने वाळते, आणि तेलात तळले जाते ते तेलाने तळले जाते. जे आपल्याला चहूबाजूंनी वेढते तेच आपल्यावर काम करते, आणि ‘एन’ हा शब्द नेमका त्या ठिकाणी उभा आहे, जिथे वेढणे आणि काम करणे अजून वेगळे झालेले नाही. त्या रात्री मी ‘एन हुदाति’ची चिठ्ठी ‘त’ आणि ‘ने’ या दोन्ही डब्यांपासून वेगळी काढली आणि एक तिसरा डबा केला.

दोन गोष्टी वाटेत लवकर उरकल्या, पण त्या सांगायला हव्यात. ‘एन’च्या नंतर उपपद आणि क्रियापदाचे भाववाचक रूप आले की त्याचा मराठी पर्याय डोळे मिटून सांगता येतो: ‘एन तो स्पेइरेइन’ म्हणजे ‘पेरताना’. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात पेरणाऱ्याच्या दृष्टांतात ते येते, आणि लूकला ही रचना फार प्रिय आहे. दुसरी गोष्ट लेखनाची. ग्रीकमध्ये ‘हेन’ म्हणजे ‘एक’, आणि ‘एन’ व ‘हेन’ यांत फरक फक्त वरच्या लहानशा खुणांचा. जुन्या हस्तलिखितांत मोठी अक्षरे सलग लिहिलेली असत आणि या खुणा सहसा नसत. मार्कच्या चौथ्या अध्यायात चांगल्या जमिनीत पडलेल्या बियांना तीसपट, साठपट आणि शंभरपट पीक येते, तिथे प्रत्येक आकड्याआधी ही दोन अक्षरे आहेत, आणि ती ‘एन’ वाचायची की ‘हेन’, हे संपादकांना ठरवावे लागते. पहिल्या वाचनात मी तिथे तीन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. सध्या ज्या ग्रीक प्रतीतून आम्ही वाचतो तिच्यात ‘हेन’ छापले आहे, हे लक्षात आल्यावर त्या तिन्ही काढून टाकल्या.

मग इफिसकरांस पत्र आले. त्याच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या वचनापासून चौदाव्या वचनापर्यंत ग्रीकमध्ये एकच वाक्य आहे, दोनशेहून अधिक शब्दांचे, आणि त्यात माझ्या मोजणीप्रमाणे ‘एन’ पंधरा वेळा येतो. तिसऱ्या वचनाच्या शेवटी तर तीन ‘एन’ ओळीने उभे आहेत: एन प्रत्येक आध्यात्मिक आशीर्वाद, एन स्वर्गीय स्थाने, एन ख्रिस्त. मी तीन चिठ्ठ्या लिहिल्या आणि घरातल्या बोलीत उत्तरे लिहायला घेतली. आशीर्वाद दिला तो कशाने? आशीर्वादाने. कुठे? स्वर्गीय स्थानांत. आणि तिसऱ्या चिठ्ठीवर हात थांबला. ‘ख्रिस्ताने’ म्हटले तर तो साधन होतो आणि ‘ख्रिस्तात’ म्हटले तर तो जागा होतो. पौलाला यांतले एकच म्हणायचे असते, तर पुढच्या अकरा वचनांत तो वारंवार ‘त्याच्या ठायी’ असे का परतून आला असता?

‘ठायी’ हा शब्द आपोआपच माझ्या लेखणीतून उतरला, कारण तो लहानपणापासून कानात होता: ‘ख्रिस्ताच्या ठायी’. मंडळीत ऐकताना तो मला नुसता जुन्या वळणाचा शब्द वाटत असे. चिठ्ठी समोर ठेवून पाहिले तेव्हा त्याची घडण दिसली. ठाय म्हणजे स्थान, त्याला सप्तमीचा तोच जुना ‘ई’. पण आपण ‘त्याच्या ठायी मोठे धैर्य आहे’ म्हणतो तेव्हा ते धैर्य कुठे आहे हे दाखवता येत नाही. आणि ‘माझा भाव त्याच्या ठायी आहे’ म्हणतो तेव्हा भाव त्याच्यावर टेकलेला असतो. आत असणे, टेकून असणे, त्याच्यामुळे असणे या तिन्ही गोष्टी ‘ठायी’ एकत्र धरतो आणि त्यांतली एक निवडण्याची सक्ती करत नाही. आडॉल्फ डाइसमान या जर्मन अभ्यासकाने १८९२ मध्ये ‘ख्रिस्ताच्या ठायी’ या एकाच प्रयोगावर स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला, आणि तो समजावताना हवेचा दाखला दिला: आपण हवेत असतो आणि हवा आपल्यात असते. मराठीला त्या दाखल्याची गरज थोडी कमी पडते, असे मला वाटते.

केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र मराठीत आणले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ मध्ये ते भाषांतर संपूर्ण छापून निघाले. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होते अशा बाईंसमोर हाच ‘एन’ पानोपानी येत गेला असणार, आणि त्यांनाही प्रत्येक वेळी ‘त’ आणि ‘ने’ यांच्यामध्ये उभे राहावे लागले असणार. माझ्या चिठ्ठ्या कापताना त्यांची आठवण मला पुष्कळदा येई. नव्या सुबोध भाषांतरांत ‘ठायी’ मागे पडून ‘मध्ये’ पुढे येतो आहे. तरुण वाचकाला तो लवकर कळतो हे खरे, आणि योहानाच्या पंधराव्या अध्यायातल्या ‘माझ्यामध्ये राहा’ या वाक्यात तो शोभतोही, कारण तिथे वेल आणि फांद्या डोळ्यांसमोर आहेत. इफिसकरांच्या पत्रात मात्र मी ‘ठायी’ सोडायला तयार नाही.

गेल्या महिन्यात वर्गात गलतीकरांस पत्राचा पहिला अध्याय वाचला. चोविसाव्या वचनात यहूदीयातल्या मंडळ्या ‘एन एमोइ’ देवाचे गौरव करतात. छळ करणारा पौल आता सुवार्ता सांगतो हे ऐकून केलेले गौरव, म्हणून ‘माझ्यामुळे’. ही चिठ्ठी लगेच लिहून झाली. पण सोळाव्या वचनात, देवाने आपला पुत्र ‘एन एमोइ’ प्रकट केला, असे पौल म्हणतो. तेच दोन शब्द, तोच अध्याय. ‘मला’ प्रकट केला, तर दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर पौलाला झालेले येशूचे दर्शन समोर येते. ‘माझ्यात’, तर अंतःकरणात झालेला उदय. ‘माझ्याद्वारे’, तर पुढच्याच शब्दांत येणारी परराष्ट्रीयांमधली, म्हणजे यहूदी नसलेल्यांमधली, सेवा, आणि तिथे परराष्ट्रीयांआधी पुन्हा ‘एन’ आहेच. सरांनी तिन्ही पर्याय फळ्यावर लिहिले आणि आम्हाला प्रत्येकाला एकेक मांडायला सांगितले. माझ्या वाट्याला ‘माझ्याद्वारे’ आले आणि मी ते मनापासून मांडले. घरी आल्यावर चिठ्ठीवर नाम, उपपद नाही, क्रियापद असे तिन्ही तपशील लिहिले, खाली ‘माझ्या ठायी’ लिहिले, आणि ती चिठ्ठी तिसऱ्या डब्यात, ‘एन हुदाति’च्या शेजारी ठेवली.